टिळकांची शाळा, चिपळूणकरांची शाळा, रमणबाग : पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याच्या पेठांमध्ये जुन्या शाळांना तोटा नाही आणि प्रत्येकीचे माजी विद्यार्थी आपलीच शाळा खरी, असे छातीठोकपणे सांगतात. न्यू इंग्लिश स्कूलच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. या शाळेचे नाव सगळ्यांना ठाऊक असते, पण तिच्याविषयी सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींपैकी निम्म्या दुसऱ्याच कुठल्या शाळेच्या, कॉलेजच्या किंवा वर्तमानपत्राच्या असतात. मुलांच्या या जुन्या शाळेबद्दल लोक जे हमखास विचारतात, त्याची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत.

आमच्या गावातही न्यू इंग्लिश स्कूल आहे. ती याच शाळेची शाखा का?

बहुधा नाही. महाराष्ट्रात तालुक्याच्या गावापासून बाजाराच्या गावापर्यंत न्यू इंग्लिश स्कूल सापडतेच. त्यातल्या बहुतेक रयत शिक्षण संस्थेच्या किंवा गावातल्या मंडळींनी काढलेल्या संस्थेच्या आहेत. पुण्याच्या शाळेचे नाव गाजले आणि ते पुढे जणू सामान्यनामच झाले. इथे विषय आहे तो १८८० साली पुण्यात निघालेल्या आणि आज डेक्कन एज्युकेशन सोसायटीकडे असलेल्या शाळेचा. याच सोसायटीची साताऱ्यालाही एक न्यू इंग्लिश स्कूल आहे, ती १८९९ ची. पुण्यात टिळक रोडवरही आहे. पण नुसते ‘रमणबाग’ म्हटले की पुणेकराच्या डोळ्यांसमोर येते ती मूळची, मुलांची शाळा.

शाळा कधी निघाली आणि कोणी काढली?

१ जानेवारी १८८० रोजी. काढली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी. टिळकांचे नाव इतके मोठे झाले की शास्त्रीबुवा मागे पडले, पण पहिले पाऊल त्यांचे होते. ते सरकारी शिक्षणखात्यात नोकरीला होते. १८७४ पासून ‘निबंधमाला’ हे मासिक काढत होते आणि तीत इंग्रजी राज्याविषयी, मिशनऱ्यांविषयी जे लिहीत होते ते खात्याच्या पचनी पडणारे नव्हते. पुण्याहून त्यांची बदली रत्नागिरीच्या हायस्कुलात झाली. वडील कृष्णशास्त्री १८७८ साली वारले आणि पुढल्याच वर्षी, १८७९ च्या ऑक्टोबरात, विष्णुशास्त्र्यांनी नोकरीला रामराम ठोकला. तेव्हा त्यांचे वय होते एकोणतीस.

इकडे डेक्कन कॉलेजात टिळक एलएल. बी. चा आणि आगरकर एम. ए. चा अभ्यास करत होते. सरकारी नोकरी करायची नाही, शाळा काढायची, असे दोघांच्या मनात घोळत होतेच. शास्त्रीबुवा शाळा काढताहेत हे कानावर येताच ते त्यांना जाऊन भेटले. महादेव बल्लाळ नामजोशी हे खटपटी गृहस्थ येऊन मिळाले आणि संस्कृतचे गाढे विद्वान वामन शिवराम आपटे याच वर्षी आले.

मग आगरकर संस्थापक म्हणायचे की नाही?

पहिल्या दिवशी ते शाळेत नव्हते. एम. ए. व्हायचे होते. परीक्षा आटोपून ते १८८१ च्या जानेवारीत आले. पण बेत ठरला तेव्हा ते त्यात होते, त्यामुळे त्यांना संस्थापकांत धरतात आणि ते योग्यच आहे. आईला लिहिलेले त्यांचे पत्र याच काळातले. मुलगा मोठा पगार आणील अशा आशेवर राहू नकोस, पोटापुरते मिळवून उरलेला वेळ लोकांच्या कामी घालणार आहे, असा त्याचा आशय. टेंभूसारख्या खेड्यातल्या गरीब घरातून आलेल्या मुलाने हे लिहिले, हे लक्षात घेतले म्हणजे त्या पत्राचे वजन कळते.

टिळक याच शाळेत शिकले ना? शेंगांच्या टरफलांचा प्रसंग इथलाच का?

नाही आणि नाही. टिळकांचा जन्म १८५६ चा. १८७२ साली ते मॅट्रिक झाले. शाळा निघायला तेव्हा आठ वर्षे अवकाश होता. टरफलांची गोष्ट त्यांच्या लहानपणची म्हणून सांगतात, तिचा या शाळेशी काही संबंध नाही. टिळक इथे मास्तर होते. दर १ ऑगस्टला कोणी ना कोणी भाषणात त्यांना या शाळेच्या बाकावर बसवतो, म्हणून हे इतके स्पष्ट लिहावे लागते.

सरकारी शाळा होत्याच, मग ही वेगळी कशात होती?

अभ्यासक्रमात फारशी नव्हती. हे ऐकून अनेकांचा हिरमोड होतो. ‘राष्ट्रीय शिक्षण’ म्हटले की काहीतरी निराळीच पाठ्यपुस्तके असतील असे वाटते. पण मुलांना शेवटी बसायचे होते मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकलाच, आणि पालक मुलाला शाळेत घालत तेही त्यासाठीच. इंग्रजी, संस्कृत, गणित, इतिहास, भूगोल, सगळे तेच.

फरक होता तो शाळा कोण चालवते यात. सरकारी हायस्कुलावर खात्याचा अंमल, मिशनच्या शाळेत बायबलचा तास. इथे चालक, शिक्षक, हिशेबनीस सगळे इथलेच, बहुतेक पंचविशीच्या आसपासचे आणि सुरुवातीला सरकारचे अनुदान नाही. उत्तम पदव्या असलेली माणसे मामलेदार-मुन्सफ व्हायचे सोडून पेठेतल्या वाड्यात तुटपुंज्या पगारावर वर्ग घेताहेत, हे पुण्याला नवे होते. पुढे आजीव सदस्यांसाठी, म्हणजे संस्थेला वाहून घेतलेल्या शिक्षकांसाठी, नियम झाला तो वीस वर्षे सेवेचा आणि महिना पंचाहत्तर रुपयांचा. सरकारी नोकरीत हीच माणसे त्याच्या कितीतरी पट मिळवती.

शिकवण्यातही जीव ओतत असणार, कारण निकाल बोलत होते. मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्याला जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळते. ती या नव्या शाळेच्या मुलांनी पटकावायला सुरुवात केली आणि पालकांची रीघ लागली. पाच वर्षांत पट हजाराच्या घरात गेला.

शाळेत कोण काय शिकवत असे?

टिळक गणित आणि संस्कृत. गणित तोंडी सोडवायची त्यांची खोड आठवणींतून वारंवार येते: पायऱ्या गाळून एकदम उत्तरावर जायचे, मुलांनी मागून धावायचे. हुशार मुले खूश आणि बाकीची गोंधळलेली, असा वर्ग असणार. गणिताचा प्रत्येक वर्ग थोडाफार तसाच असतो म्हणा.

पण शाळा म्हणून शाळा चालवली ती वामनराव आपट्यांनी. अधीक्षक तेच होते. वेळापत्रक, शिस्त, परीक्षा, निकाल ही सगळी त्यांची बाजू. हे काम सांभाळून त्यांनी विद्यार्थ्यांसाठी संस्कृत रचनेचे पुस्तक लिहिले आणि १८९० साली तो संस्कृत-इंग्रजी कोश बाहेर काढला, जो आजही संस्कृतच्या विद्यार्थ्याच्या टेबलावर असतो. कोश पाहिलेल्यांपैकी किती जणांना ठाऊक असते की हा माणूस एका शाळेचा मुख्य होता आणि अवघ्या चौतिसाव्या वर्षी, १८९२ मध्ये, गेला? टिळक-आगरकरांच्या वादात आपट्यांचे नाव नेहमी ओझरते येते. मला विचाराल तर शाळेच्या आवारात पहिला पुतळा त्यांचा हवा.

नामजोशी हे पैसे आणि माणसे जमवणारे. वासुदेवशास्त्री खरे काही काळ संस्कृत शिकवायला होते. पुढे ते मिरजेला गेले आणि पटवर्धनांच्या दप्तरातून त्यांनी ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ उभा केला. १८८५ मध्ये एकोणीस वर्षांचे गोपाळ कृष्ण गोखले मास्तर म्हणून रुजू झाले.

म्हणजे गोखलेही विद्यार्थी नव्हते?

नव्हते. त्यांचे शालेय शिक्षण कोल्हापूरचे. इथे ते शिक्षक म्हणून आले आणि इथूनच फर्ग्युसन कॉलेजात गेले. शाळेतले त्यांचे सहकारी ना. ज. बापट यांच्या जोडीने त्यांनी केलेले अंकगणिताचे पुस्तक पुढे शाळाशाळांतून चालले. गांधीजींचे राजकीय गुरू म्हणून गोखले सगळ्यांना ठाऊक असतात. त्याआधी कितीतरी पोरांनी त्यांना त्रैराशिकासाठी लाखोली वाहिली असेल.

‘केसरी’ शाळेतून निघाला हे खरे का?

शाळेतून नव्हे, शाळेच्या माणसांतून. ‘केसरी’च्या जाहीरनाम्यावर सहा सह्या होत्या: चिपळूणकर, टिळक, आगरकर, आपटे, नामजोशी आणि डॉ. गणेश कृष्ण गर्दे. गर्दे सोडले तर पाचही जण न्यू इंग्लिश स्कूलचे. २ जानेवारी १८८१ ला इंग्रजी ‘मराठा’ आणि ४ जानेवारीला मराठी ‘केसरी’ बाहेर पडला. दिवसा शाळा आणि संध्याकाळी छापखाना असा क्रम. आर्यभूषण छापखान्याचे टाइपाचे खोके आपण स्वतः खांद्यावरून वाहिले, असे टिळक पुढे सांगत.

या दुहेरी उद्योगाची झळ शाळेला लवकरच बसली. कोल्हापूरच्या महाराजांचा छळ होतो आहे, असे सांगत दोन्ही पत्रांनी कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर तोफ डागली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. पुरावा म्हणून छापलेली पत्रे बनावट निघाली आणि जुलै १८८२ मध्ये टिळक-आगरकरांना चार महिन्यांची साधी कैद झाली. त्यातले १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. खटला चालू असतानाच, १७ मार्च १८८२ रोजी, चिपळूणकर वारले. वय बत्तीसही पुरे नव्हते. म्हणजे दोन वर्षे वयाच्या शाळेचा संस्थापक गेलेला आणि दोन मुख्य शिक्षक तुरुंगात. ती बंद पडली नाही याचे श्रेय पुन्हा आपट्यांकडे जाते.

आणखी एक गोष्ट. या खटल्यात टिळक-आगरकरांना दहा हजार रुपयांचा जामीन हवा होता. तो जोतीराव फुल्यांच्या सांगण्यावरून रामशेठ उरवणे यांनी दिला. ‘निबंधमाले’त चिपळूणकरांनी ज्या फुल्यांची यथेच्छ टवाळी केली होती, तेच हे फुले.

हंटर साहेबाने शाळेची तारीफ केली होती, ती काय?

१८८२ साली शिक्षणाच्या चौकशीसाठी सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला होता. पुण्यात आल्यावर हंटर यांनी शाळा पाहिली आणि सरकारी मदत न घेता चाललेली अशी संस्था हिंदुस्थानात आपण दुसरी पाहिली नाही, ती सरकारी हायस्कुलांशी तर बरोबरी करीलच पण परदेशच्या शाळांपुढेही उणी पडणार नाही, अशा अर्थाचा अभिप्राय दिला. शाळेच्या प्रत्येक स्मरणिकेत तो असतोच. आपट्यांची साक्षही या आयोगापुढे झाली.

स्मरणिकेत सहसा नसते ते हे: त्याच आयोगाला त्याच वर्षी फुल्यांनीही निवेदन दिले होते. त्यांचे म्हणणे असे की शेतकऱ्यांच्या घामातून आलेला पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो. आधी बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा. एकाच शहरातून, एकाच आयोगापुढे गेलेली ही दोन म्हणणी शेजारी ठेवून वाचावीत.

शाळेत सगळ्या जातींची मुले होती का? आणि मुली?

दार कोणाला बंद नव्हते, पण पट मुख्यतः ब्राह्मण मुलांचाच होता. त्या काळच्या पुण्यात इंग्रजी शाळेपर्यंत पोचणारा वर्गच तो होता आणि शाळा तरी त्याच्या पलीकडे शोधत गेली असे दिसत नाही.

मुलींचा प्रश्न तर पुढचाच. १८८४ साली रानडे, भांडारकर, मोडक प्रभृतींनी मुलींचे हायस्कूल काढले, तीच हुजूरपागा. तिथल्या अभ्यासक्रमावर टिळकांनी ‘मराठा’तून कडक टीका केली, आगरकर मुलींच्या शिक्षणाच्या बाजूने. एकाच शिक्षकखोलीत बसणाऱ्या दोघांची ही तऱ्हा. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने मुलींसाठी अहिल्यादेवी हायस्कूल शनिवार पेठेत काढले ते खूप नंतर. रमणबागेत वर्षानुवर्षे फक्त मुलेच होती.

डेक्कन एज्युकेशन सोसायटी आधी की शाळा आधी?

शाळा आधी. शाळा चालली, कॉलेज काढावेसे वाटू लागले, त्यासाठी रीतसर संस्था हवी म्हणून २४ ऑक्टोबर १८८४ रोजी सोसायटी स्थापन झाली. टिळक, आगरकर, आपटे, नामजोशी यांच्याबरोबर वा. बा. केळकर, म. शि. गोळे आणि ना. कृ. धारप हे मूळ सदस्य. २ जानेवारी १८८५ ला फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. आपटेच त्याचे पहिले प्राचार्य.

टिळकांनी शाळा का सोडली?

आगरकरांशी सामाजिक सुधारणांवरून बिनसले म्हणून, असे ठोकून सांगितले जाते. तो वाद होताच. १८८७ मध्ये आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि पुढल्या वर्षी ‘सुधारक’ काढला. पण सोसायटीतून बाहेर पडताना टिळकांनी जी कारणे दिली ती मुख्यतः वेगळी आहेत. आजीव सदस्यांनी सगळा वेळ आणि सगळी कमाई संस्थेचीच मानायची, बाहेरची मिळकत करायची नाही, हा मूळ करार होता आणि तो पाळला जात नाही, असा त्यांचा आक्षेप होता. पगारवाढीची मागणी, पाठ्यपुस्तकांचे उत्पन्न, गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेणे, होळकरांनी दिलेल्या देणगीचा विनियोग अशी भांडणे साठत गेली. १८९० च्या शेवटी त्यांनी राजीनामा दिला, सोबत एक लांबलचक निवेदनही.

ते वाचताना दोन्ही बाजू पटतात. टिळक तत्त्वाला धरून होते. पण आगरकरांना दम्याने ग्रासले होते, घर चालवायचे होते, आणि पंचाहत्तर रुपयांत संसार करणाऱ्याने चार पैसे जास्त मागितले तर त्याला तत्त्वच्युत म्हणणे कठीण जाते. आपट्यांनंतर आगरकर फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि १७ जून १८९५ रोजी, एकोणचाळिसावे वर्ष पुरे व्हायच्या आत, गेले.

आता मुख्य प्रश्न: नाव काढलेले विद्यार्थी कोणते?

या शाळेचे मास्तर इतके मोठे की विद्यार्थी त्यांच्या सावलीत गेले. यादी मात्र लहान असली तरी भारी आहे आणि तिच्या शिरोभागी दोन नावे आहेत.

पहिले हरि नारायण आपटे. शाळा निघाली तेव्हा ते सोळाव्या वर्षात होते आणि अगदी आरंभीच्या विद्यार्थ्यांत दाखल झाले. चिपळूणकर वारले तेव्हा या मुलाने ‘शिष्यजनविलाप’ ही विलापिका लिहिली. मराठीतल्या पहिल्या मोठ्या कादंबरीकाराचे पहिले गाजलेले लेखन असे आपल्या मास्तरावर आहे. पण हरिभाऊ नुसते भाविक शिष्य नव्हते. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ नावाने भाषांतर केले, तेव्हा या विशीतल्या पोराने त्याच्यावर चांगला लांबलचक टीकालेख लिहिला. आपल्याच शाळेतल्या शिक्षकाच्या पुस्तकाची चिरफाड! आजच्या काळात शाळेने पालकांना बोलावले असते.

गणिताशी त्यांचे कधी जमले नाही आणि पदवी काही पदरात पडली नाही. पण १८९० मध्ये त्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक काढले आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो!’ क्रमशः येऊ लागली. केशवपनापर्यंत ढकलल्या गेलेल्या यमू या विधवेची ही आत्मकथा. सुधारकांची खिल्ली उडवणाऱ्या चिपळूणकरांच्या लाडक्या विद्यार्थ्याच्या हातून ती उतरली.

दुसरे कृष्णाजी केशव दामले, म्हणजे केशवसुत. मालगुंडचे. खेड, बडोदा, वऱ्हाड-नागपूर असे शिकत भटकत १८८४ च्या सुमारास ते पुण्याला या शाळेत आले. मॅट्रिक झाले १८८९ साली, तेविसाव्या वर्षी. शंकरशेट शिष्यवृत्त्यांचा डंका वाजवणाऱ्या शाळेतला हा मागे पडलेला मुलगा; आणि मराठी कवितेला नवे वळण मिळाले ते त्याच्याकडून. पुढे स्वतः मास्तरकी करत ते मुंबई, खानदेश, धारवाड असे फिरले आणि १९०५ मध्ये हुबळीला प्लेगने गेले. त्यांच्या कविता ‘करमणुकी’त छापल्या हरिभाऊंनी, आणि मृत्यूनंतर ‘केशवसुतांची कविता’ हा संग्रह सिद्ध केला तोही हरिभाऊंनीच. ‘जुने जाऊ द्या मरणालागुनि’ म्हणणारा कवी आणि यमूची कहाणी सांगणारा कादंबरीकार, दोघेही मनाने आगरकरांच्या बाकावरचे. शाळा राष्ट्राभिमानासाठी निघाली आणि तिचे सगळ्यात मोठे दोन विद्यार्थी सामाजिक सुधारणेचे लेखक झाले. संस्थापकाला हे कितपत रुचले असते कोण जाणे.

‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे हेही इथले विद्यार्थी. त्यांच्यात मात्र चिपळूणकरी बाणा पुरेपूर उतरला. १८९८ साली त्यांनी ‘काळ’ हे साप्ताहिक काढले आणि उपरोधाची अशी काही धार लावली की सरकारला शेवटी राजद्रोहाचा खटलाच भरावा लागला.

राजकारणात बाळ गंगाधर खेर. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचे पहिले मंत्रिमंडळ आले त्याचे ते प्रमुख आणि १९४६ ते १९५२ मुख्यमंत्री. त्यांच्यानंतरच्या पिढीत एस. एम. जोशी आणि ना. ग. गोरे ही समाजवादी जोडी. संयुक्त महाराष्ट्र समितीची धुरा एसेम यांच्याकडे होती. १९५५ मध्ये गोव्याच्या सत्याग्रहाची तुकडी घेऊन गेले ते नानासाहेब गोरे. पुढे ते पुण्याचे महापौर आणि इंग्लंडमध्ये भारताचे उच्चायुक्तही झाले. टिळकांच्या शाळेतून निघून दोघेही गेले ते मार्क्स-गांधींकडे.

हयात असलेल्यांची नावे इथे मुद्दाम घेतलेली नाहीत.

सावरकर, नरसिंह राव, महर्षी कर्वे ही नावे यादीत का नाहीत?

कारण ती कॉलेजची आहेत. सावरकर नाशिकहून मॅट्रिक होऊन फर्ग्युसनला आले. नरसिंह रावही फर्ग्युसनचे. अण्णासाहेब कर्वे तर विद्यार्थी नव्हतेच. टिळक गेल्यावर गणित शिकवायला माणूस हवा होता म्हणून १८९१ साली गोखल्यांनी त्यांना फर्ग्युसनमध्ये बोलावले. संस्था एक असली म्हणून सगळ्यांना एकाच हजेरीपटावर घेता येत नाही. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या याद्यांत हा घोटाळा हमखास असतो.

नाव इंग्लिश स्कूल, मग शाळा इंग्रजी माध्यमाची होती का?

‘इंग्रजी शाळा’ म्हणजे त्या काळी चौथीपर्यंत मराठी शाळा संपवून मुलगा जिथे जाई ती. इयत्ताही नव्याने मोजत: इंग्रजी पहिली म्हणजे आजची पाचवी, इंग्रजी तिसरी म्हणजे सातवी आणि इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिक, जुनी अकरावी. जुन्या दाखल्यावर ‘इंग्रजी चौथी नापास’ असे दिसले तर आजोबा आठवीपर्यंत शिकले होते, असे समजावे. वरच्या वर्गांत बरेचसे विषय इंग्रजीतून असत. पुढे इतर शाळांप्रमाणे इथेही मराठी आले आणि रमणबाग मराठी माध्यमाचीच म्हणून ओळखली जाते.

शाळा पहिल्यापासून रमणबागेतच आहे का?

नाही. सुरुवात मोरोबादादा फडणिसांच्या वाड्यात झाली. मग शनिवार पेठेतला गद्रे वाडा. फर्ग्युसनचे पहिले वर्गही पेठेतल्या वाड्यातच भरत. कॉलेज चतुःशृंगीच्या बाजूच्या आजच्या जागेत गेले ते १८९५ मध्ये. शाळा दीर्घकाळ शनिवारवाड्यासमोरच्या नानावाड्यात होती. नाना फडणिसांचा हा वाडा, त्यामुळे लाकडी कोरीव खांबांच्या दिवाणखान्यात पाढे म्हणणारी पोरे असे दृश्य होते. जुन्या पिढीतली माणसे अजून ‘मी नानावाड्याचा’ आणि ‘मी रमणबागेचा’ असा भेद करतात, आणि तो गमतीने करत नाहीत.

रमणबागेचे मैदान शाळेपेक्षाही जास्त पुणेकरांना माहीत आहे, कारण कितीतरी वर्षे सवाई गंधर्व महोत्सव तिथे भरत असे. डिसेंबरातली थंडी, शाली, कणसाचा आणि बटाटेवड्यांचा वास, आणि पहाटे भीमसेनांचा स्वर. महोत्सव २०१८ पासून मुकुंदनगरला गेला. दुसरी ओळख ढोल-ताशांची. पुण्याच्या मिरवणुकीत शाळांची पथके आणायची सुरुवात ज्ञानप्रबोधिनीने केली, पण रमणबागेचे पथक मागे राहिले नाही. श्रावण लागला की नदीकाठी सराव सुरू, आणि माजी विद्यार्थ्यांनी वेगळे पथक काढून तो नाद शाळा सुटल्यावरही चालू ठेवला आहे.

आमचे आजोबा या शाळेत होते म्हणतात. खात्री कशी करायची?

शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये प्रत्येक मुलाची नोंद असते: नाव, जात, जन्मतारीख, आधीची शाळा, दाखल झाल्याची आणि सोडल्याची तारीख, वागणुकीचा शेरा. त्यावरून शाळा सोडल्याचा दाखला किंवा निर्गम उतारा मिळतो. कार्यालयात लेखी अर्ज करावा लागतो. मूळ दाखला हाताशी असेल तर त्यावरचा रजिस्टर नंबर अर्जात लिहा, शोधणाऱ्याचे काम चुटकीसरशी होते. नंबर नसेल तर निदान सोडल्याचे साल अंदाजे सांगा. आणि आजोबांचे नाव तेव्हाच्या पद्धतीने शोधायला सांगा: घरी ‘अण्णा’, दाखल्यावर ‘पुरुषोत्तम’, असे सर्रास असते, आडनावही कधी गावावरून, कधी धंद्यावरून लागलेले.

असे बहुतेक अर्ज शाळेच्या प्रेमापोटी नसून जात पडताळणीसाठी असतात. तिथे अनुसूचित जातींसाठी १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गासाठी १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात, त्यामुळे आजोबा-पणजोबांच्या उताऱ्याला सोन्याचे मोल येते. अर्जासोबत तुमचे ओळखपत्र आणि आजोबांशी नाते दाखवणारी वंशावळ जोडा. जूनमध्ये प्रवेशाची गर्दी असते, तेव्हा जाऊ नका; दिवाळीच्या सुट्टीनंतर गेलात तर जुनी बाडे काढायला कारकुनाला उसंत असते.